शिध्याची यादी कोणाच्या हाती? निर्वासितांना मिळणारी मदत आणि सशस्त्र गटांची भरती

प्रश्न – शेवंती

सर्वांना नमस्कार. आमच्या मंडळात एका गोष्टीवरून मतभेद झाले आहेत आणि त्यांचे उत्तर मला एकटीला सापडत नाही, म्हणून येथे जरा सविस्तर लिहीत आहे.

आम्ही बावीस निवृत्त शिक्षिका दरमहा थोडी रक्कम बाजूला ठेवतो आणि वर्षअखेरीस ती कुठल्यातरी मदतकार्याला देतो. एका वर्षी ती चारा छावणीला गेली, २०१९च्या महापुरानंतर सांगलीला गेली. २०१७च्या ऑगस्टअखेरीस म्यानमारच्या राखाइन प्रांतातून रोहिंग्यांचे लोंढे नाफ नदी ओलांडून बांगलादेशात येऊ लागले आणि काही महिन्यांत सात लाखांहून अधिक माणसे कॉक्स बझारकडच्या टेकड्यांवर बांबू आणि ताडपत्रीच्या आडोशाला राहू लागली. तेव्हापासून आमच्या रकमेचा एक हिस्सा आम्ही तेथे काम करणाऱ्या एका संस्थेला पाठवत आलो आहोत.

गेल्या बैठकीत एका सदस्येने त्याला हरकत घेतली. या छावण्यांतील तरुणांना सशस्त्र गटांनी २०२४ साली सीमेपलीकडे लढायला नेल्याच्या बातम्यांची कात्रणे तिने बरोबर आणली होती. तिचे म्हणणे असे की, जी छावणी आपण अन्न देऊन उभी ठेवतो तीच या गटांना आयती माणसे पुरवते. बायकामुलांच्या पोटाची काळजी मदत संस्था घेतात, म्हणून घरातला पुरुष लढायला मोकळा होतो. आणि शिध्यातला काही वाटा गटांच्या हाती पडत असेल तो वेगळाच. ही बाई कठोर मनाची नाही. स्वतःच्या निवृत्तिवेतनातून तिने दोन परक्या मुलींची शिक्षणे पूर्ण केली आहेत. त्यामुळे तिचा आक्षेप मला झटकून टाकता आला नाही आणि तिला उत्तरही देता आले नाही.

मदतीमुळे खरोखर सशस्त्र गटांची भरती वाढते का, आणि वाढत असेल तर मदत थांबवल्याने ती थांबते का, एवढेच मला समजून घ्यायचे आहे. पुढच्या बैठकीत वाद जिंकण्याची मला इच्छा नाही. ज्यांनी या विषयाचा अभ्यास केला आहे किंवा ज्यांनी अशा ठिकाणी प्रत्यक्ष काम केले आहे, त्यांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद १ – जुनी बखर

शेवंतीताई, आपल्या मैत्रिणीचा आक्षेप निराधार नाही, हे आधी मान्य करतो. गेली काही वर्षे मी आफ्रिकेतील सरोवरांच्या प्रदेशाचा इतिहास वाचत आहे, आणि या प्रश्नावर जगभर जो विचार झाला त्याची सुरुवात बऱ्याच अंशी गोमा या एका शहरापासून झाली.

१९९४च्या एप्रिल ते जुलै या शंभर दिवसांत रवांडात सुमारे आठ लाख माणसे मारली गेली. त्यांतील बहुतेक तुत्सी या अल्पसंख्य समाजाची होती. तुत्सींच्या नेतृत्वाखालील बंडखोर सैन्याने देश ताब्यात घेतला तेव्हा हत्याकांड घडवणारे सरकार, त्याचे सैन्य आणि इंटराहाम्वे ही सशस्त्र टोळी पळून गेली, आणि पळताना बहुसंख्य हुतू समाजातील लाखो सामान्य माणसांना भीती घालून आपल्याबरोबर घेऊन गेली. जुलैच्या मध्याला अवघ्या काही दिवसांत आठ ते दहा लाख माणसे त्या वेळच्या झाईरमधील (आताच्या काँगोमधील) गोमा येथे आली. ती जमीन ज्वालामुखीच्या थिजलेल्या लाव्हाची होती. तिला कुदळ लागत नसे, त्यामुळे शौचालयासाठी खड्डा घेता येत नव्हता आणि मृतांना पुरताही येत नव्हते. लोक किवू सरोवराचे पाणी पीत होते. कॉलरा आणि हगवणीने पहिल्या महिनाभरात सुमारे पन्नास हजार माणसे गेली. रस्त्याच्या कडेला चटईत गुंडाळून ठेवलेल्या प्रेतांची त्या दिवसांतली छायाचित्रे पाहिल्यावर, तेथे धावून गेलेल्या डॉक्टरांना आणि स्वयंसेवकांना दोष देण्याची माझी तरी जीभ उचलत नाही.

पुढे जे घडले ते मात्र नीट समजून घेण्यासारखे आहे. दहा लाखांच्या जमावाला धान्य वाटायचे म्हणजे यादी हवी. संस्थांकडे यादी नव्हती, भाषा येत नव्हती आणि वेळ तर मुळीच नव्हता. छावणीत माणसे आपापल्या जुन्या गावांप्रमाणे आणि जिल्ह्यांप्रमाणे वसली होती, आणि त्या गावांचे जुने प्रमुखही तेथेच होते. संस्थांनी याद्या त्यांच्याकडून घेतल्या आणि पोती त्यांच्याच हाती दिली. त्यांतील अनेक जण हत्याकांडात सामील असलेले होते. त्यांनी माणसांचे आकडे फुगवले, जादा धान्य बाजारात विकले, निर्वासितांवर कर बसवला, छावणीत मदत संस्थांकडे नोकरी करणाऱ्यांच्या पगारातूनही वाटा घेतला, आणि मायदेशी परतू पाहणाऱ्यांना धमकावले, काहींना ठार मारले. १९९५च्या आरंभी नीट मोजणी झाली तेव्हा माणसांचा आकडा आधी धरलेल्यापेक्षा कमी निघाला. दरम्यान त्याच छावण्यांत पराभूत सैन्याची जुळवाजुळव आणि नव्या पोरांची भरती चालू होती, आणि सीमा ओलांडून रवांडात हल्ले होऊ लागले होते.

संस्थांना हे दिसत नव्हते असे नाही. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या संघटनेच्या फ्रेंच शाखेने नोव्हेंबर १९९४मध्ये छावण्यांतून अंग काढून घेतले, कारण आपण खुन्यांची सत्ता बळकट करत आहोत असे तिचे मत झाले. त्याच संघटनेच्या इतर शाखा मात्र लगेच गेल्या नाहीत. रुग्ण समोर असताना खाट उचलायची कशी, असा त्यांचा प्रश्न होता. दोन्ही बाजूंची माणसे प्रामाणिक होती. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्त सादाको ओगाता यांनी छावण्यांत हत्यारबंद माणसे वेगळी काढण्यासाठी जगाकडे सैन्य मागितले. ते मिळाले नाही, तेव्हा त्यांनी झाईरच्याच सैनिकांना वेतन देऊन पहाऱ्याला ठेवले. चोऱ्यामाऱ्या थोड्या आटोक्यात आल्या, पण हत्यारबंद आणि निःशस्त्र यांची विभागणी कधीच झाली नाही.

ती विभागणी शेवटी तोफांनी केली. १९९६च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रवांडाच्या पाठिंब्याने आलेल्या बंडखोरांनी छावण्यांवर हल्ले करून त्या मोडून काढल्या. पाच लाखांहून अधिक माणसे नोव्हेंबरमध्ये पायी रवांडात परतली. उरलेली पश्चिमेच्या जंगलात पळाली आणि त्यांतील हजारो माणसे, बायका-मुले धरून, वाटेत मारली गेली किंवा उपासमारीने आणि रोगाने मेली. संयुक्त राष्ट्रांच्या २०१०च्या अहवालात त्याचे तपशील आहेत आणि ते वाचवत नाहीत.

आता आपला प्रश्न. गोम्यात मदतीने सशस्त्र गटाला बळ दिले का? दिले. पण ते बळ धान्यापेक्षा यादीतून आले, असे मला वाटते. धान्य कोणाला मिळेल हे ज्याच्या शब्दावर ठरते, त्याच्याकडे लोक मान खाली घालून जातात, आणि आपला मुलगा त्याने मागितला तर नाही म्हणण्याची सोय त्यांना राहत नाही. १९८०च्या दशकात पाकिस्तानात तीस लाखांहून अधिक अफगाण निर्वासित होते. तेथे शिध्याचे पासबुक हवे असेल तर सोव्हिएत सैन्याविरुद्ध लढणाऱ्या, पेशावरमधल्या सात मुजाहिदीन पक्षांपैकी एकाचा सदस्य म्हणून नाव लावून घ्यावे लागे. म्हणजे भरतीची पहिली पायरी शिध्याच्या खिडकीपाशीच होती. त्याच सुमारास थायलंड-कंबोडिया सीमेवर ख्मेर रूजसारख्या (कंबोडियातील कम्युनिस्ट) सशस्त्र गटांच्या ताब्यात असलेल्या छावण्यांत संयुक्त राष्ट्रांच्या मदत यंत्रणेने वेगळी युक्ती केली. काही काळ तेथे शिधा थेट स्त्रियांच्या आणि मुलींच्याच हाती दिला जाई, घरचा हिशेब त्यावरूनच धरला जाई, आणि वाटपाच्या रांगेत लढणाऱ्या पुरुषांना जागाच ठेवली नव्हती. त्याने सैनिकांच्या पोटात एकही घास गेला नाही असे कोणी म्हणणार नाही, कारण बायको नवऱ्याला आणि आई मुलाला जेवू घालणारच. पण यादी सेनापतीच्या हातून सुटली, आणि माझ्या लेखी तेवढा फरक मोठा आहे.

प्रतिसाद २ – पाणवठा

मी पाणीपुरवठ्याचा अभियंता आहे. २०२३ आणि २०२४ या वर्षांत मिळून चौदा महिने मी कॉक्स बझार जिल्ह्यातील उखियाच्या छावण्यांत काम केले. संस्थेचे नाव लिहीत नाही. वरचा प्रतिसाद फार उपयुक्त आहे, पण कॉक्स बझारला गोम्याचा साचा जसाच्या तसा लागू करता येणार नाही, म्हणून लिहीत आहे.

उखिया आणि टेकनाफ मिळून ३३ छावण्या आहेत आणि त्यांत दहा लाखांहून अधिक माणसे राहतात. येथे यादी गटांच्या हातात नाही. कुटुंबाची नोंदणी बोटांच्या ठशांसह झालेली आहे, कुटुंबाकडे कार्ड आहे, त्यावर माणशी ठरलेली रक्कम दरमहा जमा होते आणि ठरावीक दुकानांतून तांदूळ, डाळ, तेल, अंडी घेता येतात. कोणाही कमांडरला धान्याचे ट्रक वळवून नेता येत नाहीत. कागदोपत्री पाहिले तर गोम्यातून जे शिकायचे ते येथे बऱ्यापैकी शिकले गेले आहे.

तरीही भरती झाली. मदत क्षेत्रातील अंदाजानुसार २०२४च्या मार्च ते मे या काळात छावण्यांतून सुमारे दोन हजार जणांना नेले गेले. काही आपल्या मनाने गेले, काहींना पैशाचे आमिष होते, काहींना धमकावले आणि काहींना सरळ उचलून नेले. त्यातली सर्वांत क्लेशकारक गोष्ट अशी की, ज्या म्यानमारच्या सैन्याने २०१७मध्ये यांची गावे जाळली, त्याच सैन्याच्या बाजूने अराकान आर्मी या राखाइनमधील बंडखोर गटाविरुद्ध लढायला यांतील अनेकांना पाठवण्यात आले. लढलात तर नागरिकत्वाचे कार्ड मिळेल, असे त्यांना सांगितले जाई. म्यानमारच्या १९८२च्या नागरिकत्व कायद्याने ज्यांना परके ठरवले त्यांच्या पुढ्यात ते कार्ड ठेवणे म्हणजे काय, हे त्या माणसांशी बोलल्याशिवाय कळत नाही. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका प्रौढ गृहस्थांनी आपल्या वडिलांचे जुने ओळखपत्र प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळून छपराच्या बांबूत खोचून ठेवले होते. पावसाळ्यात दर काही दिवसांनी ते काढून पुसायचे आणि परत ठेवायचे.

यादी सुरक्षित असूनही हे का घडले, याचे माझ्यापुरते उत्तर असे. मदत संस्थांचा दिवस दुपारी चारच्या सुमारास संपतो. त्यानंतर आम्हा सर्वांना छावणीबाहेर पडावे लागे. आत सशस्त्र पोलिसांची गस्त असे, पण टेकडीवरच्या त्या अरुंद, अंधाऱ्या वाटांवर रात्री खरी सत्ता कोणाची, हे लहान मुलालाही ठाऊक होते. प्रत्येक विभागाला एक ‘माझी’, म्हणजे प्रमुख, असतो. ही व्यवस्था २०१७च्या धांदलीत लावली गेली आणि बहुतेक ठिकाणी माझी नेमलेला असतो, लोकांनी निवडलेला नसतो. चांगला माझी मिळाला तर विभाग सुखात राहतो. पण गटाचा माणूस रात्री दारात येऊन उभा राहिला तर त्याच माझीने काय करावे? रोहिंग्यांची बाजू जगापुढे शांतपणे मांडणारे मोहिबुल्ला यांना सप्टेंबर २०२१मध्ये छावणीतील त्यांच्या कार्यालयातच गोळ्या घालून मारले. त्यानंतर उघड विरोध करण्याची छाती किती जणांची राहील?

त्या वसंतात माझ्या लक्षात आले की नळाच्या कोंडाळ्यावर पहाटे पाणी भरायला येणारे पंधरा-वीस वर्षांचे मुलगे दिसेनासे झाले आहेत. हंडे घेऊन आया येत होत्या, लहान बहिणी येत होत्या. आमच्या स्वयंसेवकाला विचारले तेव्हा त्याने सांगितले की मुलगे रोज रात्री वेगवेगळ्या घरी झोपतात आणि दिवसा बाहेर पडत नाहीत. एकाची आई त्याला रात्री आमच्या पंपघराच्या मागच्या सामानाच्या खोलीत लपवत होती. किल्ली त्या स्वयंसेवकाकडेच होती. मला हे कळल्यावर मी त्या खोलीतले क्लोरीनचे पिंप बाहेर काढून दुसरीकडे ठेवायला सांगितले, कारण बंद खोलीत त्या वासाने मुलगा गुदमरला असता. नियमाप्रमाणे मी काय करायला हवे होते, ते मी येथे लिहीत नाही.

आता शिध्याविषयी. २०२३च्या आरंभी माणशी महिन्याला १२ डॉलर मिळत होते. निधी आटला म्हणून मार्चमध्ये ते १० झाले आणि जूनमध्ये ८. आठ डॉलर म्हणजे आपले त्या वेळचे साधारण साडेसहाशे रुपये, आणि त्यात एका माणसाने महिनाभर जेवायचे. निर्वासितांना तेथे उघडपणे नोकरी किंवा धंदा करण्याची परवानगी नाही, त्यामुळे कमी पडलेले भरून कुठून काढायचे, याला सरळ मार्ग नव्हता. कुटुंबे आधी अंडी आणि मासळी बंद करत, मग कर्ज काढत, मग मुलीचे लग्न लवकर उरकत किंवा मुलाला दलालाच्या बोटीवर मलेशियाला धाडत. गटाचे आमिष या रांगेतच येऊन उभे राहते. २०२४मध्ये शिधा पुन्हा वाढवला, पण कर्जे तशीच राहिली होती. मदत वाढल्याने भरती झाली, असे मी त्या चौदा महिन्यांत एकदाही पाहिले नाही. मदत आटल्यावर ज्या घरांत आधी नकार होता तेथे गप्प बसणे आले, हे मात्र पाहिले आहे.

प्रतिसाद ३ – सीमेवरचा

मी सैन्यातून निवृत्त झालो आहे. वरच्या दोन्ही प्रतिसादांबद्दल आदर बाळगून एक गोष्ट मांडतो, जी आपल्याला थोडी अडचणीची वाटेल.

माझ्या वडिलांच्या जुन्या पत्रांत १९७१च्या डिसेंबरमधले एक पाकीट आहे. त्यावर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचे आणखी एक तिकीट आहे, आणि त्यावर निर्वासितांच्या मदतीचा ठसा आहे. त्या वर्षी नोव्हेंबरच्या मध्यापासून असे तिकीट लावणे सक्तीचे झाले होते. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसे आपल्याकडे आली होती आणि त्यांच्या जेवणाखाण्याचा भार साताऱ्याच्या टपालातूनही उचलला जात होता. त्याच छावण्यांच्या शेजारी युवा शिबिरे होती. तेथे तरुणांची नावनोंदणी होई, त्यांना काही आठवड्यांचे शिक्षण दिले जाई आणि बांगलादेशाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या मुक्तिवाहिनीचे सैनिक म्हणून सीमेपलीकडे पाठवले जाई. शिक्षण देणारे आपलेच सैन्य होते. मी भरती झालो तेव्हा आमच्या पलटणीत त्रिपुरात हे काम केलेले एक सुभेदार होते. ते सांगत की पोरे कॉलेजातून उठून आलेली असत, पायात चप्पल नसे, आणि पहिल्या दिवशी रायफल उचलताना हात थरथरत असे. निम्म्या पोरांची नावे त्यांना म्हातारपणीही पाठ होती.

तेव्हा निर्वासितांतून झालेली भरती आपण आजही अभिमानाने सांगतो, आणि मीही सांगतो, कारण पंचवीस मार्चच्या रात्रीपासून पाकिस्तानी सैन्याने त्या लोकांवर जे चालवले होते ते थांबवायला दुसरा उपाय उरला नव्हता, असे मला वाटते. मग कॉक्स बझार किंवा गोम्याच्या भरतीकडे पाहताना आपण पाच पैशांच्या तिकिटाला दोष देणार का? माझ्या अभ्यासात असे दिसते की छावणीतून मोठ्या प्रमाणावर भरती होते तेव्हा कोणत्यातरी राज्यसंस्थेला ती हवी असते किंवा निदान ती चालणार असते. पेशावरच्या सात पक्षांना पाकिस्तानच्या गुप्तचर यंत्रणेने बळ दिले होते आणि त्यांच्यामागे अमेरिकेचा व सौदी अरेबियाचा पैसा होता. ख्मेर रूजला चीनची शस्त्रे थायलंडमार्गे मिळत. गोम्यात झाईरचे अध्यक्ष मोबुतू यांना पराभूत सैन्याने आपल्या भूमीवर राहणे मान्य होते. आफ्रिकी देशांच्या १९६९च्या करारात निर्वासितांना शक्यतोवर सीमेपासून वाजवी अंतरावर वसवावे असे स्पष्ट लिहिले आहे, आणि छावणीचे नागरी स्वरूप राखण्याची जबाबदारी आश्रय देणाऱ्या देशाचीच मानली जाते. पाण्याचा अभियंता किंवा परिचारिका हातात स्टेथोस्कोप आणि पाना घेऊन बंदूकवाल्याला वेगळे काढू शकत नाही.

एक मर्यादा मात्र मी स्वतःला घालून घेतो. अठरा वर्षांखालील मुलगा कोणत्याही कारणासाठी, कितीही न्याय्य लढ्यासाठी, भरती करता कामा नये. बालहक्क कराराला २०००मध्ये जोडलेल्या आंतरराष्ट्रीय प्रोटोकॉलने बिगरसरकारी गटांना हेच बंधन घातले आहे. १९७१च्या शिबिरांत वय कोणी फार बारकाईने विचारत नव्हते, हे त्या सुभेदारांच्याच तोंडून ऐकलेले आहे, आणि ते सांगताना त्यांचा आवाज खाली येत असे.

शेवंती

तिघांचेही मनापासून आभार. काल संध्याकाळी मी ही चर्चा त्या मैत्रिणीला वाचून दाखवली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली की, यादीचे म्हणणे पटले, कारण आपण शाळेत पोषण आहाराचा हिशेब ठेवला आहे आणि हजेरीपट ज्याच्या हातात त्याचा तांदूळ, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण तिने एक प्रश्न विचारला आहे, तो तसाच पुढे ठेवते. घरातला मुलगा गटाबरोबर निघून गेला आणि त्याचे नाव कार्डावर तसेच राहिले, तर त्याच्या नावाचा तांदूळ दरमहा येतच राहणार. मग तो तांदूळ लढणाऱ्याच्या घरी गेला, असेच म्हणावे लागेल ना?

शिवाय, मंडळाने रक्कम पाठवायची ठरवलीच तर संस्थेला नेमके काय विचारावे, हेही कोणी सांगितले तर बरे होईल. वार्षिक अहवाल आम्ही वाचतो, पण त्यात हसऱ्या मुलांची छायाचित्रे असतात.

जुनी बखर

दुसऱ्या प्रश्नाविषयी थोडेसे. लाभार्थी मोजले कोणी, कार्ड घरातल्या बाईच्या नावावर निघू शकते का, आणि एखाद्या ठिकाणी वाटप गटांच्या हाती गेले म्हणून काम थांबवावे लागले असे कधी झाले का, हे तीन प्रश्न पत्राने विचारावेत. तिसऱ्याचे उत्तर ‘कधीच नाही’ असे आले तर मी तरी त्या संस्थेवर फार विश्वास ठेवणार नाही. गोम्यातून बाहेर पडलेल्यांनी ते जाहीरपणे सांगितले, म्हणून पुढच्यांना शहाणपण आले.

पाणवठा

त्यात एक भर घालतो: पंधरा ते अठरा वयाच्या मुलांसाठी तुम्ही काय चालवता, हेही विचारा. लहान मुलांची शिक्षण केंद्रे आणि बाळंतिणींचे दवाखाने यांना देणगीदार मिळतात. मिसरूड फुटलेल्या मुलाचे छायाचित्र कोणाला पाठवावेसे वाटत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी पैसे येत नाहीत. आमच्या विभागात अशा मुलांसाठी फक्त एक शिवणवर्ग आणि एक सौर दिवे दुरुस्तीचा वर्ग होता. दुरुस्तीच्या वर्गात जागा वीस होत्या आणि दारात रोज साठ-सत्तर जण उभे असत. निधी संपला तेव्हा तो वर्ग आधी बंद झाला.

आता पहिल्या प्रश्नाविषयी, कारण तुमच्या मैत्रिणीने जे विचारले ते मी समोर पाहिले आहे. आमच्या नळकोंडाळ्याच्या समितीत एक बाई होती. तिच्या घरात सहा माणसे. थोरला मुलगा सतरा वर्षांचा. एप्रिलमध्ये एका रात्री तो गेला. स्वतः गेला की नेला, हे तिने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. नियम असा की कुटुंबातले माणूस कमी झाले तर कळवायचे, म्हणजे रक्कम त्याप्रमाणे कमी होते. तिने कळवले नव्हते. एके दिवशी समितीची बैठक संपल्यावर ती मागे थांबली आणि दुभाष्याला म्हणाली की साहेबांना विचार, सहा म्हणून सांगितले तर हे पाप आहे का.

मी तिला विचारले की त्याच्या वाट्याचे तांदूळ ती कोणाला देते. तिने सांगितले की कोणालाही देत नाही, धाकटे चौघे खातात. आणि दुभाष्याने थोडे थांबून पुढचे वाक्य सांगितले: कार्यालयात जाऊन पाच म्हणाले तर तो आता माझ्या घरात नाही असे मीच लिहून दिल्यासारखे होईल, आणि उद्या तो परत आला तर त्याला कोणत्या कागदावर परत घ्यायचे?

तिच्याकडचे कार्ड मी पाहिले. ते रुमालात बांधून ती ब्लाउजच्या आत ठेवत असे, त्याच्या कडा घामाने मऊ पडल्या होत्या. मी परत आलो तोपर्यंत त्या घराची नोंद सहाच होती. मी त्याबद्दल कुठल्याही अहवालात लिहिले नाही.